बुलेटवरचं डोहाळजेवण

मुलुंड,
१२ जानेवारी २०२५

ती. वनमाला आत्यास,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि. या वेळी विनंती कमी आणि वैताग जास्त आहे, तो सोसून घे.

फोनवर तुला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही आणि माझं बोलणं इथे सासूबाई बाहेरच्या खोलीतून ऐकतात, त्यामुळे कागदच बरा. पायाचं प्लास्टर निघेपर्यंत जेटीवर फिरकू नकोस.

मला सातवा लागला. दोन फेब्रुवारीला डोहाळजेवण ठरलंय. आपल्याकडे झोपाळा असतो, कुणाकडे फुलांची होडी असते. इथे बुलेट आहे! हर्षदच्या रायडर्स ग्रुपचे वीस जण पुढे-मागे, आणि मी नऊवारी, फुलांचे दागिने, काळा गॉगल घालून त्याच्या मागे बसायचं. देवळापासून हॉलपर्यंत एंट्री, वर ड्रोन. ही कल्पना सासूबाईंची. त्यांनी कुणाचातरी व्हिडिओ पाहिलाय.

याच सासूबाईंनी दुसऱ्या महिन्यात माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती. तेव्हा रागावले मी, पण ते बरोबरच होतं. तिसऱ्या महिन्यात अंगावरून लाल गेलं ते तुला माहीतच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाची वार खाली आहे, दुचाकीवर अजिबात बसायचं नाही, मागेसुद्धा नाही. हर्षदने त्यांना विचारलं, पहिल्या गिअरमध्ये दोनच मिनिटं बसली तर? त्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझी बाजू घेतली ती एकट्या निशाताईंनी, म्हणजे माझ्या घाटकोपरच्या नणंदेने. त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुला काय कळतंय त्यातलं. निशाताई भांडी आवरायला गेल्या. शिसारी आली गं मला.

पण रोज संध्याकाळी तोच विषय. हर्षद तोंड फुगवून जेवतो. कधीकधी वाटतं, बसून टाकावं दोन मिनिटं आणि सुटावं. काय करू ते लिही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी श्रुतिका

मनोरी,
१७ जानेवारी

चि. श्रुतिकास,
आत्याचे अ. उ. आ. पोटातल्याला वेगळे, त्यातले तू घेऊ नकोस.

तुझं पत्र वाचून तोंड कडू झालं. बोंबील साफ करताना वाचत होते, तो हातातला टाकून दिला. माशांच्या पाटीत आयुष्य गेलं माझं, कशाची म्हणून घाण वाटत नाही. पण तुझ्या सासरची वाटली.

तुझ्या वेळी तुझी आई सातव्यातच मार्व्याहून आली होती. भरती होती, बोट हलत होती. बोट चालवणाऱ्या तांडेलाने मशीन बंद केलं, दोन्ही दोर बांधले, स्वतः कंबरभर पाण्यात उतरून फळी धरली आणि मग तिला उतरू दिलं. बाकीची माणसं बोटीत थांबून राहिली. पोटुशी बाई उतरताना आमच्याकडे अशीच रीत आहे. त्याचा फोटो नाही कुणाकडे. आणि तुझा नवरा तुला खड्ड्यांतून मिरवणार, वर उडतं यंत्र सोडून!

दोन मिनिटं बसून सुटशील असं वाटतंय ना? नाही सुटणार. आज बुलेट, उद्या बारशाला बाळाला हँडलवर बसवतील. तू स्पष्ट नाही म्हण. रडू नकोस, समजावत बसू नकोस, डॉक्टरिणीचं नाव पुढे करू नकोस. नको म्हणजे नको. तुझे आईबाप गेल्यावर तुला मी वाढवलं ते मुळूमुळू रडायला नाही.

त्या निशाला माझा आशीर्वाद सांग. शहाणी दिसते.

आठवण काढत जा, उचकी लागली तर मला कळेल.
तुझी आत्या

मुलुंड,
२२ जानेवारी

ती. आत्याबाईंस,
हर्षदचा सा. न. वि. वि. पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घालावी.

तुमच्या पायाला आराम असेल. श्रुतिका हट्टाला पेटली आहे. ती फक्त तुमचं ऐकते, म्हणून लिहितो. अंतर जेमतेम दोनशे मीटर आहे. बाईक मीच चालवणार, स्पीड चालण्यापेक्षाही कमी. मागे मऊ सीट लावून घेतली आहे. हॉल, डेकोरेशन, ड्रोनवाला सगळं ठरलं आहे, ग्रुपची मुलं पार बोरिवलीहून येणार आहेत. आईने आमंत्रण पत्रिकेवरसुद्धा बुलेट छापली आहे. आता नाही म्हटलं तर वाट लागेल आमची.

शिवाय हे सगळं तिच्याच कौतुकासाठी आहे ना. आम्हाला हौस आहे म्हणून करतो, नाहीतर कोण एवढं करतं? तुम्ही एक शब्द टाकलात तर ती बसेल.

लोभ नव्या जावयावरही असू द्यावा.
आपला हर्षद

मनोरी,
२७ जानेवारी

चि. हर्षदराव जावईबापूंस,
आशीर्वाद. जावयाला रिकामा लिफाफा पाठवू नये म्हणून दिले.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अंतर लिहिलंत, सीट लिहिलीत, ड्रोनवाला लिहिलात. बाळ कुठे लिहिलेलं नाही. तिला परत लाल गेलं तर काय करायचं, हेही नाही. पत्रिकेवर बुलेट छापली म्हणून बायकोने जीव धोक्यात घालायचा, हे वाचून मला तुमची किळस आली. जावयाला असं लिहू नये, पण आली ती आली.

हौस तुमची आहे, तिचं कौतुक म्हणू नका. तुम्ही वीस जण खुशाल भोंगे वाजवत जा. ती चालत जाईल किंवा रिक्षाने जाईल. माझा शब्द हवा होता ना, हाच तो.

पाय बरा झाला की सुरमई घेऊन येईन. तोवर तोंड दाखवायच्या लायकीचे राहा.
वनमाला

घाटकोपर,
४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. पत्ता बदललेला पाहून घाबरू नकोस. मी आणि पोटातलं, दोघं बरी आहोत.

मी नाही म्हटलं, तू सांगितलंस तसंच. आश्चर्य म्हणजे हर्षदला तुझं पत्र आल्यावर कुणी वादच घातला नाही. परवा मला रिक्षाने हॉलवर नेलं आणि सासूबाईंनी मागच्या खोलीत आराम करायला बसवलं. मला वाटलं, सुधारले.

मग बाहेर भोंगे सुरू झाले. खिडकीतून पाहिलं तर वीस बुलेटचा धूर, ढोल, आणि हर्षदच्या मागे माझ्यासारखीच हिरवी नऊवारी, तेच दागिने, तोच गॉगल, आणि हे एवढं पोट! निशाताई होत्या, आत्या. पोटाला उपरण्याने सोफ्याची उशी बांधली होती. नऊ वर्षं जिला मुलावरून टोमणे मारले, तिलाच व्हिडिओसाठी गरोदर केलं. उतरताना उशी सरकली, तर ग्रुपमधला एक जण म्हणाला, वहिनींची डिलिव्हरी रस्त्यातच होणार. हर्षदही हसला. निशाताईसुद्धा हसल्या, ते मला सगळ्यात बघवेना.

त्या आत आल्या तेव्हा उपरण्याची गाठ त्यांना सोडता येत नव्हती. मी सोडली. विचारलं, का ऐकलंत? म्हणाल्या, आई म्हणाली, तू नाही बसलीस तर श्रुतिकाला बसवू. किळस आली मला त्या घराची.

इतक्यात ओटीची वेळ झाली. सासूबाईंनी निशाताईंना जेवणाकडे बघायला पिटाळलं. दर वेळी असंच करतात म्हणे, ओटी भरायला त्यांना उभंही करत नाहीत. मिरवायला त्यांचं खोटं पोट चालतं, ओटीला हात चालत नाहीत! मी पाटावर बसले आणि सांगितलं की पहिली ओटी निशाताई भरतील, नाहीतर कुणीच नाही. सासूबाई अपशकुन अपशकुन म्हणत राहिल्या. चुलत सासवा माना खाली घालून पदर चाचपत होत्या. हर्षद ड्रोनवाल्याला शूटिंग बंद करायला सांगत होता. त्याला सुचलं काय, तर तेवढंच.

मी उठून स्वयंपाकाकडे गेले आणि निशाताईंचा हात धरून आणला. निम्मे तांदूळ त्यांच्याकडून जमिनीवर सांडले. नारळ मात्र त्यांनी माझ्या पदरात नीट ठेवला. मग मी पदर खोचला आणि बाकीच्यांना सांगितलं की झाली माझी ओटी. तशीच रिक्षा करून इथे निशाताईंच्या घरी आले. डॉक्टरीणबाईंनी काल तपासलं, सगळं ठीक आहे. मी रडले नाही, तुला विचारायचंच असेल तर.

आज सकाळी हर्षद मला न्यायला आला. बुलेट घेऊन. माझ्यासाठी जादा हेल्मेट आणलं होतं. खाली उभा राहून भोंगा वाजवत होता. निशाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली, आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

तुझी माया इथेही पोचते, फक्त पत्ता नीट लिही.
तुझी श्रुतिका