घुबडकड्यावरचा अकरावा पेग

रविवार, ३ नोव्हेंबर १९८५, मुलुंड

अशोकला आज तिसऱ्यांदा विचारलं. दादाच्या कड्यावरच्या वाटेवर मला कधी नेणार? उत्तर नेहमीचंच. गवत सुकू दे, मोहोळ असेल, पावसाने खडकात ठोकलेले लोखंडी पेग सैल झाले असतील. म्हटलं, सरळ नाही म्हण ना. त्याने बशीत चहा ओतला आणि आईला विचारलं, गुडघा कसा आहे.

दादाला जाऊन पाच महिने झाले. हिमालयातल्या मोहिमेवरून त्याची सॅक आली. तो नाही. खाली बर्फाची भेग होती, एवढंच सांगितलं.

अशोक मात्र दर रविवारी येतो. कडे चढताना दादाच्या रोपवरचा, एकाच दोराला बांधलेला जोडीदार. आई त्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.

गुरु., ७ नोव्हें.

कारखान्यात साटम सरांचा फोन. दादाच्या गिर्यारोहण क्लबचे सेक्रेटरी, म्हणून सुपरवायझरने बोलू दिलं, पण घड्याळाकडे बघत. २२ डिसेंबरला घुबडकड्याच्या पायथ्याशी दादाच्या नावाची पाटी लावणार. ‘पहिली चढाई, जानेवारी १९८५.’ आईला न्यायला जीप ठरवणार आहेत. म्हणाले, "बोरिवलीच्या त्या जंगलात कोण फिरकतंय गं. निदान नाव तरी राहील."

आईला सांगितलं. तिने कपाटातून निळं लुगडं काढलं, वास घेतला, परत ठेवलं.

मंगळ., १२ नोव्हें.

दिवाळी. यंदा आपल्याकडे काही नाही. कंदील नाही, तळण नाही. शेजारच्या वहिनींनी फराळाचं ताट आणून दिलं.

अशोक आला. मी जिन्यात गाठलं. म्हटलं, पाटी लागण्याआधी मला ती वाट चढायचीय. तू नाही आलास तर क्लबातल्या दुसऱ्या कोणाला घेऊन जाईन. त्याने कठडा धरला. मग म्हणाला, "रविवारी. पहिल्या बसने."

रवि., १७ नोव्हें.

आजचं आजच लिहून ठेवते.

दोन तास जंगलातून चाल. घुबडकडा दिसायला काही खास नाही. काळा, ओलसर, दोनशे फूट. खाली माणसाचं पाऊल नाही. खडकात भोक पाडून कायमचा बसवलेला बोल्ट कुठेच नाही. जाताना भेगेत आपला पेग ठोकायचा, त्यात रोप अडकवायचा आणि वर सरकायचं. दादाला हेच आवडायचं.

अशोक पुढे, मी मागून. पेग सगळे दादाचे, तेव्हा ठोकून तसेच ठेवलेले. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होता तेव्हा सुट्टीत स्वतः घडवलेले, प्रत्येकावर पंचने मारलेला विलासचा ‘व’. मी मोजत गेले. प्रत्येक ‘व’वर बोट ठेवत गेले. मूर्खासारखी खूश होते.

अकराव्या पेगशी अशोक अरुंद कपारीवर थांबला होता. मी वर पोचले. त्या पेगमध्ये निळ्या दोरीचा फास. उन्हाने विटलेला, आणि मधोमध घासून काळा झालेला.

असा फास एकाच कामासाठी बांधतात. त्यातून रोप घालून खाली उतरायचं, मग रोप ओढून घ्यायचा. फास तिथेच राहतो.

वर बघितलं. अजून पन्नासेक फूट खडक. त्यात एकही पेग नाही. ठोकल्याची खूणसुद्धा नाही.

म्हटलं, "पुढे चल ना."

अशोक म्हणाला, "पुढे कोणी गेलंच नाही, नंदा."

राग तसाच गिळला. उतरताना त्याच्या रोपवर होते, म्हणून.

मंगळ., १९ नोव्हें.

माझ्या सुटायच्या वेळी अशोक कारखान्याच्या गेटवर. टाळून जाणार होते. पण मागेमागे सिग्नलपर्यंत आला.

त्याने सांगितलं ते असं. त्या दिवशी दादा अकराव्या पेगवरून दोनदा थोडा वर गेला आणि पुढचा पेग न ठोकताच परतला. मग म्हणाला, आज बस, उतरू या. मोहिमेच्या अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. अर्जात नवी अवघड चढाई दाखवायला हवी होती. दादा म्हणाला, "लिहून टाकू यार. मोहिमेहून आलो की दोघं जाऊन वरचं पूर्ण करू. कोण बघतंय?" क्लबच्या नोंदवहीत दादाने लिहिलं. साक्षीदार म्हणून अशोकने सही केली. तेवढ्यावर दादाची निवड झाली.

मी विचारलं, "सही केली नसतीस तर?"

"तर तो गेला नसता." लगेच म्हणाला. हे त्याने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल.

साटम सरांना तो आता खरं सांगून टाकणार म्हणे, क्लबमधून काढलं तरी चालेल. मी ओरडलेच. तुला मोकळं व्हायचंय. आणि आईचं काय? चार माणसं वळून बघायला लागली.

थांब म्हटलंय त्याला. कशासाठी थांब, ते मला तरी कुठे…

शनि., २३ नोव्हें.

रजा टाकली. आईला सांगितलं.

सुकट निवडत बसली होती. पाटीबद्दल बोलेल, क्लबबद्दल बोलेल, दादाची बाजू घेईल, माझ्यावर ओरडेल, या सगळ्याची तयारी करून बसले होते. तिने एवढंच विचारलं, "तेका ठावक होता? आपण खोटा लिवलंव म्हणान?"

"हो. त्यानेच लिहिलं."

"मगे भियालो आसतलो तो." सुकट तशीच हातात. "थंय जाताना भियालो आसतलो. माका कायच बोललो नाय."

मला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी त्याचा खोटेपणा मोजत होते. कमी पडतोय हे मनाशी ठाऊक असताना तो त्या मोठ्या लोकांबरोबर बर्फात चालला असेल, आणि सांगायला कोणी नाही.

सुकट खाली ठेवून आई म्हणाली, "अशोकाक सांग, आता येव नको."

"आई, त्याने एकट्याने थोडंच—"

"तेच्या तोंडात माका विलास दिसायचो. आता सही दिसतली."

रवि., २४ नोव्हें.

अशोकला खाली नाक्यावरच अडवलं आणि सांगितलं. पेरू आणले होते आईसाठी. घेऊन परत गेला. आईने आज भात दोघींपुरताच लावला.

रवि., १ डिसें.

आईला न सांगता गेले. अशोकबरोबरच. दुसरं कोण येणार?

अकराव्या पेगपर्यंत तो पुढे. मग म्हटलं, इथून मी. "वेडी आहेस का? मी जातो." "तू सही केलीयस. मला बघू दे." त्याने रोप सांभाळायला घेतला.

भेग पंधरा फुटांवर बारीक होत जाते. एक पेग ठोकला. चांगला पेग आत जाताना आवाज चढत जातो. हा बद्द वाजत राहिला. अर्धाच गेला, बोटाने हलत होता. वर हात टाकला तर तो अख्खा दगड दाराच्या फळीसारखा पुढे आला. तसाच दाबून धरला. माथ्यावरची कारवी दिसत होती, तीसेक फुटांवर. सुटले असते तर अशोकच्या खाली जाऊन आपटले असते. त्यालाही घेऊन गेले असते कदाचित.

किती वेळ उभी होते माहीत नाही. मग एकेक पाय खाली.

अशोकचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, "वर पोचली असतीस तर खरं झालं असतं ना सगळं."

"नसतं झालं."

वर जाऊन बघितलं तेव्हा कळलं, दादा बरोबर उतरला होता. अशोक रोपवर होता म्हणूनही उतरला असेल. कड्यावर तो नीट वागला. वहीत मात्र…

बोटांची सालं गेलीत. उद्या कारखान्यात तांब्याची तार गुंडाळताना झोंबणार.

गुरु., ५ डिसें.

साटम सर घरी आले. अशोक फोनवर येत नाही म्हणून इकडे आले. बरोबर पाटीचा मजकूर, हिरव्या शाईत, सुवाच्य. ‘पहिली चढाई’ला खाली रेघ. "उद्या कारागिराला देतो. एकदा नजर घाल गं, नावात चूक नको."

आई खाटेवर. माझ्याकडे बघत होती. मी कागद दोनदा वाचला. नावात चूक नव्हती.

म्हटलं, "सर, उद्यापर्यंत द्या मला."

"अगं, यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"उद्या सांगते."

ते जरा नाराजच झाले. चहा अर्धा ठेवून गेले.

आईने कप उचलला, मोरीशी नेला. पाठमोरीच म्हणाली, "काय ता तूच ठरय. फकत माझ्यासाठी म्हणान ठरव नको."

उद्या पहिली पाळी. सर अकराला कारखान्यात फोन करणार आहेत.