चिंचेनं घासलेला घोडेस्वार

बेंबळी, शुक्रवार

प्रिय आई,

मावशीच्या गुडघ्यांना आता उतार आहे का? तू तिच्याकडं भूमला गेल्यापासून शेळ्या मला हात लावू देत नाहीत. अण्णा ताटाकडं बघत जेवतात.

टेबलावर लढाई मांडून खेळणाऱ्या पुण्याच्या माणसांसाठी मी बोटभर सैनिक रंगवते, हे तुला कितीदा सांगितलं. दर वेळी तू विचारायचीस, "आन् मोठाली माणसं खेळत्यात व्हय?" आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. पण मी डोळ्यात बुबुळाचा ठिपका देताना श्वास रोखला, की मागं उभी राहून तूही रोखायचीस.

रविवारी त्यांच्यातलाच एक घोडेस्वार मी रंगवून खिडकीत वाळत ठेवला होता. पांढरा घोडा, हातात तलवार. तुला खंडोबाच वाटला. देव घासायचेच असतात, म्हणून पितळेच्या देवांबरोबर तू त्यालाही चिंच आणि राख लावून घासलंस. रंग गेला, खालचं करडं प्लास्टिक उघडं पडलं, तरी तू त्याला भंडारा लावलास आणि माझ्या साक्षरता वर्गाच्या बायकांना घरात बोलावलंस. त्यांच्यातल्या तारामतीकाकूंनी मला नंतर सांगितलं, तू दारातूनच म्हणत होतीस, "लई इचारता न्हवं, पोरगी शिकून काय करती? बघा, देव घडीवती माझी करिश्मा."

मी आले, तेव्हा मला फक्त गेलेला रंग दिसला. देवघरातून तो ओढून काढत मी ओरडले, "अडाणी ती अडाणीच!" अक्षर येत नाही म्हणून कुणी कमी नसतं, असं ज्यांना मी वर्गात शिकवते, त्यांच्याच समोर. कुणीतरी फिस्सकन हसलं. तू हात पदराला पुसलेस आणि माझ्यासाठी भाकरी थापायला बसलीस. सकाळी पिशवी घेऊन एसटीत बसलीस. मावशीचे गुडघे ठणठणीत आहेत, हे मला ठाऊक आहे.

फोनवर माफी मागता आली असती, तुझ्या एकटीच्या कानात. पण मी ओरडले ते चारचौघींत. म्हणून मुद्दाम पत्र लिहिलं. वर्षाराणी, मावशीच्या घरात वाचणारी तूच, आईला हे तूच वाचून दाखवत असशील. शेजारणींना बोलव, आणि लाजून आवाज बारीक करू नकोस. मोठ्यानं वाच: नागूबाईच्या शिकलेल्या पोरीनं आईचा अपमान केला, आणि ती चुकली. इथल्या बायकांना मी उद्या वर्गात उभं राहून हेच सांगणार आहे. मग यायचं की नाही, ते आई, तू ठरव.

तुझीच,
करिश्मा