गोदू 'नको' म्हणते, बोट जूनची आहे

३ मार्च
रिटायर होऊन महिना झाला. सहालाच आंघोळ उरकतो. डबा नाही, कंपनीची बस नाही — जायचं कुठे? आज गोदूचे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. ती काही बोलली नाही. मीठ सापडेना तेव्हा मात्र बोलली!

संध्याकाळी लेकीचा, रुचिकाचा, फोन. "बाबा, आईला घेऊन कुठेतरी फिरून या." तिच्या मनात केरळ. मी म्हटलं, नॉर्वे! ती हसली. हसू दे. बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली. बोटी कायम वरून बघितल्या, त्यांच्या पाठीवर कंटेनर ठेवले आणि त्यांना वाटेला लावलं. एकीतही बसलो नाही. नॉर्वेत म्हणे डोंगर सरळ समुद्रात उतरतात, त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून बोट जाते. दोन्ही बाजूंना धबधबे. मला ते बघायचंय. आणि गोदूला बरोबर घेऊन बघायचंय.

४ मार्च
गोदूला सांगितलं. म्हणाली, "मना नको."
बस्स. एवढंच!

७ मार्च
पनवेलला टुरिस्ट ऑफिसात जाऊन आलो. प्रणाली म्हणून एक पोरगी आहे तिथे, हुशार. जूनमध्ये सात दिवसांची फेरी. रात्री अकरापर्यंत उजेड! बाल्कनीवाली खोली. "काकी येणार ना?" विचारते. म्हटलं, येणार म्हणजे काय!

११ मार्च
गोदूची कारणं —
"बोट लागते मना." गोळी मिळते.
"जेवणाचं काय?" सोडे, सुकट नेऊ. कोण बघतंय!
"गुडघा." बोटीत लिफ्ट आहे.
"तुमच्या आयचं वरीस सरलं नाय. लोकं काय बोलतील?" यावर गोळी नाही, लिफ्टही नाही. आई दिवाळीत गेली. सहा वर्षं अंथरुणावर होती, सगळं गोदूनेच केलं. म्हणूनच तर नेतोय ना हिला!

१७ मार्च
घात झाला. निकेतला, धाकट्या भावाच्या पोराला, सहज बोललो होतो. त्या शहाण्याने नाक्यावर बारा फुटी बॅनर लावला! "आमचे लाडके बाळाजीकाका व सौ. गोदूकाकी यांना नॉर्वे दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा!" मागे बर्फ, पुढे आम्ही दोघं — फोटो कुणाच्या तरी हळदीतला, गोदूचं तोंड पिवळंधमक. खाली शुभेच्छुक म्हणून अठरा मुंडकी, मधोमध निकेत गॉगल लावून. अजून व्हिसाचा पत्ता नाही, बायकोचा होकार नाही!

गोदू बाजारात गेली आणि मासे न घेताच परत आली. दार लावून बसली.

१८ मार्च
निकेतला म्हटलं, उतरव ते. तर म्हणतो, "काका, आता उतरवला तर लोकं काय बोलतील? बायकोला न्यायला जमला नाय बोलतील." खरं आहे. चहाच्या टपरीवर जो तो विचारतो, "शेठ, कधी निघताय?" मी म्हणतो, जूनला.

२४ मार्च
व्हिसाचे फॉर्म आणले. गोदू सही करेना. मी ओरडलो. "तुझ्यासाठी एवढं करतोय आणि तुला किंमत नाय!" तिने गॅस बंद केला आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. फार बोललो मी. लाज वाटते.

२८ मार्च
रुचिका येऊन गेली. आईशी तासभर कुजबूज. जाताना मला म्हणाली, "बाबा, आईला काय पाहिजे ते विचारलंत का कधी?"
विचारलं की! खिडकीची खोली की बाल्कनीची, असं दोनदा विचारलं!

२ एप्रिल
आज विचारलं. गोदू बोंबील साफ करत होती. "खरं सांग, का नको?"
मान वर न करता म्हणाली, "तुमी जावा. मना या घरात एकटीनं रावाचंय."
मी हसलो. ती हसली नाही.
"लग्न होऊन आले तवा घरात अकरा माणसं. मग पोरं. मग तुमची आय. ती गेली आणि तुमी ड्युटीला जायचा, ते तीन महिने... मनात पाप नाय माझ्या, पण लय बरं वाटलं. मग तुमी रिटायर झालात."
अडतीस वर्षं. मग विचारलं, एकटी काय करशील?
"काय नाय," म्हणाली. आणि हसली. अशी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

३ एप्रिल
प्रणालीला फोन केला. एकाचीच खोली. आणि सात दिवसांची नको म्हटलं, चौदा दिवसांची बघ.