बरोबरची खूण

३ नोव्हेंबर, सोमवार

नऊ तंबू परत आले, त्यातले सहा ओले! ओला तंबू पिशवीत कोंबला की चार दिवसांत बुरशी धरतो, हे मी भाड्याने नेणाऱ्या प्रत्येकाला सांगते. प्रत्येक जण मान डोलावतो आणि ओलाच कोंबून आणतो. एका शहाण्याने तर खुंट्यांच्या पिशवीत अर्धी साबणाची वडी घालून आणली.

सात नंबरचा मात्र कोरडा, नीट घडी घातलेला, मागच्या पडवीत टांगलेला मिळाला. तो शनिवारी एक गणिताचे मास्तर घेऊन गेले होते. एकटेच. आजच उतरणार होते. तंबू आला, मास्तर भेटलेच नाहीत — सही न करता बस पकडली असणार. सगळे तेच करतात. वर जाताना वहीत नाव, वाट, परतीची तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात. उतरल्यावर बस दिसते, वही दिसत नाही.

मी त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. उतरले. वर्षभर हेच करतेय. गेल्या वर्षीचं ते जोडपं! सही नव्हती म्हणून मी दादाला फोन केला, त्याच्या शोधपथकाची अकरा माणसं पावसात डोंगरभर हिंडली, दादाचा गुडघा कायमचा अधू झाला — आणि ते दोघं घरी टीव्ही बघत बसले होते. दादा माझा सख्खा भाऊ, पण महिनाभर बोलला नाही. तेव्हापासून सामान आलं की माणूस आला, असं मी धरून चालते.

४ नोव्हेंबर

दिवसभर तंबू वाळवले. कंबर मोडली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मास्तरीणबाईंचा फोन. आवाज अगदी खाली. "आमचे हे तुमच्याकडून तंबू घेऊन गेले होते. उतरले का हो?" मी वही उघडली, बोट फिरवलं आणि ठणकावून सांगितलं — "सोमवारीच उतरले की! तंबूसुद्धा ठेवून गेले."

  मग "बरं" म्हणाल्या. नुसतं बरं.

तीन दिवस झाले उतरून आणि घरी नाहीत? असेल काहीतरी. लोकांच्या संसारात आपण कशाला नाक खुपसा.

८ नोव्हेंबर, शनिवार

मास्तरीणबाई स्वतःच आल्या. वही बघू द्या म्हणाल्या. खुणेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. मागे बूट आणि काठ्या घ्यायला रांग लागलेली.

मग आतल्या खोलीत बसवलं, तर एकदम भडाभडा बोलायला लागल्या. ते निघायच्या आदल्या दिवशी भांडण झालं म्हणे. "मीच म्हणाले, जायचं तर कायमचे जा. तेवीस वर्षांत एकदा म्हणाले हो! आणि ते गेलेच." पोलिसांत जाऊन आल्या. पोलीस म्हणाले, उतरल्याची नोंद आहे ना, मग माणूस आपल्या मर्जीने गेला, आम्ही काय करणार.

मी पाठीवर हात फिरवला. म्हटलं, राग शांत झाला की येतील. फार समजूतदार वाटले मी मला.

१० नोव्हेंबर, सोमवार

मी काय केलंय! काय करून बसलेय मी!

दुपारी दोन नर्स आल्या. गेल्या सोमवारी त्याही उतरल्या होत्या, आज पुन्हा सुट्टी म्हणून आल्या. त्यातली उंच हसत म्हणाली, "सात नंबरचा तंबू मिळाला ना? तुम्ही जेवायला गेला होतात, म्हणून पडवीत टांगला." मी म्हटलं, तुम्ही टांगलात? "हो, रविवारी खिंडीखाली एक सर भेटले. म्हणाले, जड होतोय, पुढे गुहा आहे, तिथे झोपेन. तेवढा खाली पोचवाल का?"

 त्यांना पाठपिशव्या कशा दिल्या, पावती केली की नाही, काही आठवत नाही. मास्तर उतरलेच नाहीत. त्यांना उतरवलं मी. पेनाने.

आठ दिवस!

दादाला फोन केला. "सोमवारी उतरायचा माणूस आज सांगतेस? वहीत काय आहे?" मी म्हणाले, "सही नाहीये." खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं. त्यांच्या घरी मी कळवते असंही सांगितलं आणि अजून फोन उचललेला नाही. लिहितानाही लाज वाटतेय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पथक वर गेलंय. गुहेत कुणी नाही. राख नाही, कागद नाही, काही नाही. खिंडीपलीकडे वनखात्याची चौकी आहे, तिकडून उतरणारे तिथल्या वहीत सही करतात; तिथे दादाने फोन लावला, कुणी उचलत नाही.

झोपायची पिशवी त्यांना मीच काढून दिली होती. ती तंबूबरोबर आलीच नाही, हेही मी पाहिलं नव्हतं. पातळ. "एकटेच वाहणार, हलकी न्या." तिच्या पट्टीवर थंडीचे तीन आकडे असतात — एका आकड्याला माणूस सुखाने झोपतो, दुसऱ्याला कुडकुडत रात्र काढतो, तिसऱ्याला नुसता मरत नाही. गिऱ्हाईक तिसराच वाचतं आणि खूश होतं. मास्तरांनी तेवढं विचारलं होतं, "यातला खरा कुठला?" इतक्या वर्षांत हे विचारणारा पहिला माणूस! मी म्हटलं, पहिला. तो दहा होता. आज सकाळी खिडकीबाहेर पारा शून्याच्या खाली.

पिशव्यांच्या फळीकडे बघवत नाही. गिऱ्हाइकांना आज दुकान बंद म्हणून सांगितलं.

१२ नोव्हेंबर

काही नाही. वारा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादा लंगडत खाली आला. चहा ठेवायला मी आत गेले, तेवढ्यात त्याने वही ओढली. "ही खूण कुणाची?"

"माझी."

आरडाओरडा करेल वाटलं होतं. केला असता तर बरं झालं असतं. तो बुटाची नाडी सोडायला वाकला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी मी तुझ्याशी बोललो नाही, म्हणून?" मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर माझं ओझं त्याच्या गळ्यात घातल्यासारखं झालं असतं.

"घरी कळवलंस?" "नाही." "अगं, तीन दिवस!" फोन माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, फोनवर नाही, उद्या समोर जाऊन सांगते. त्याने चहा घेतला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिल्या बसने गेले. दोन खोल्यांचं घर. दारात मास्तरांच्या चपला, टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. बसा म्हणाल्या. मी उभ्यानेच सगळं एका दमात सांगितलं. खूण मी केली. न बघता केली. ते उतरलेच नव्हते. डोळे मिटून घेतले, म्हटलं आता थोबाडीत बसेल.

"म्हणजे — मला टाकून नाही गेले?"

डोळे उघडले तर बाई रडतही होत्या आणि हसतही होत्या. माझे दोन्ही हात घट्ट धरले. "मला वाटलं हो, माझं तोंडही बघायचं नाही म्हणून गेले." माझ्यासमोर बहिणीला फोन लावला — "अगं, गेले नव्हते गं ते! डोंगरातच आहेत!" डोंगरातच आहेत! जसे कोपऱ्यावर भाजी आणायला गेलेत. मी बारा दिवस म्हणाले होते, ते त्यांच्या कानांत शिरलंच नसावं. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

थोबाडीत का नाही मारली? कुणीतरी मारा मला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

त्या माझ्याकडेच राहायला आल्यात. आतल्या खोलीत. मास्तरांचा स्वेटर घेऊन आल्यात. पथकातल्या प्रत्येकाला सांगतात, "आमच्यात तसं काही नव्हतं, नुसतं तोंडातून गेलं." ती दाढीवाली दांडगी माणसं खाली बघून हो हो म्हणतात. दादा अंगणात दोर गुंडाळत बसतो, आत येत नाही.

जेवायला बसते. मीठ आहे की साखर, कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादाने सांगितलं, उद्याचा दिवस शेवटचा. पुढे पथक ठेवता येणार नाही. मास्तरीणबाईंना सांगायचं कामही माझंच. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "जिवंत नसतील, कळतं हो मला. वेडी नाही मी. पण माझ्याकडेच परत येत होते ना? एवढं मला पुरे. एवढ्यावर उरलेलं आयुष्य काढीन."

नंतर पोटभर जेवल्या. आल्यापासून पहिल्यांदा.  हा एक घास तरी मी त्यांना दिला, असं मनात आलं आणि स्वतःचीच किळस वाटली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खिंडीपलीकडचा चौकीदार आज रजेवरून परतला. दाराबाहेरच्या पेटीतली चौकीची वही उघडली आणि दादाला फोटो पाठवला. २ नोव्हेंबर, संध्याकाळ. मास्तरांचंच अक्षर, खाली सही. माणसं — दोन. पुढे कुठे — घरी. एकटे चढले, पलीकडे दोघं उतरले, आणि ते घर मास्तरीणबाईंचं नव्हे.

बाहेर मास्तरीणबाई पथकाला चहा देतायत. कुणीतरी काही बोललं, त्या हसल्या. मी हे लिहितेय, तेवढा वेळ बाहेर जावं लागत नाही.