पिकअप विकायची नाही

मी, झुंबरबाई सावळेराम काकडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार पिंपळवंडी, ता. जुन्नर, जि. पुणे, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे सोडले तर माझे सगळे ठीक आहे. मी बोलेन तसेच उतरवावे, मधले काही गाळू नये, अशी ताकीद लिहिणाऱ्यांना दिली आहे.

१. मला दोन मुलगे. थोरला बाळासाहेब चाकणला कंपनीत आहे. धाकटा गोकुळ काविळीने गेला. त्याची बायको नूतन आणि मुलगी आरती माझ्याजवळ राहतात. घर व विहिरीजवळचे रान यजमानांनी माझ्या नावे करून ठेवले. पिकअप गाडी माझ्याच नावावर घेतलेली आहे. तेव्हा कोणाला काय द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार माझा आहे.

२. रान बाळासाहेब व नूतन यांना निम्मे-निम्मे. विहीर सामाईक. मोटर जळाली तर दोघांनी मिळून भरून आणावी. कोणाच्या पाळीत जळाली यावरून भांडू नये.

३. घराच्या पुढच्या दोन खोल्या, ओटा आणि गाडीची शेड नूतनला. मागच्या खोल्या व पोटमाळा बाळासाहेबाला.

४. पिकअप गाडी फक्त नूतनची. हे कलम लांबणार आहे, कारण याच गाडीवरून घरात पुढे वाद होईल हे मला दिसते.

गोकुळ गेल्यावर गाडी शेडमध्ये उभी होती. नूतन एक दिवस म्हणाली, “आई, मी शिकते चालवायला.” शिकली. आमचा आणि शेजारपाजाऱ्यांचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला नेऊ लागली. त्यावर घर उभे राहिले. मग एका हिवाळ्यात गाडीने सकाळी चालू व्हायचे नाकारले. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. पोरांना गोळा करून धक्का मारावा लागे. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही. पण मार्केटला उशीर झाला की मालाला गिऱ्हाईक राहत नाही. लोक आपला माल दुसऱ्या गाडीत टाकू लागले.

माझे दीर दादाभाऊ यांनी लगेच गिऱ्हाईक शोधले. म्हणाले, “वहिनी, इंजिन गेलंय. इकून टाका. अन् नूतन तरी हितं काय करनार? जाईल म्हायेरी.” बाळासाहेबही मान हलवत बसला. तेव्हा मला कळले की गाडीबरोबर माझी सून आणि नातही घराबाहेर काढायची चालली आहे. मी म्हणाले, “काय बिघडलंय ते कळल्याबिगर गाडी दारातून हालणार न्हाई.”

गावातले मेकॅनिक चिमाजी आले. सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरीचा दोष नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. थंडीत इंजिन तापवणारे हिटर प्लग तपासले. एक मेलेला निघाला, तो बदलला. फरक पडला नाही. चिमाजी म्हणाले, “आता डिझेलचा पंप उतरवावा लागंल, ताई. लई खर्चाचं काम हाय.” नूतन रडेल असे मला वाटले. ती रडली नाही. म्हणाली, “दादा, मार्केटला तासन्‌तास उभी असती, तिथं कशी लगेच लागती? हितंच का न्हाई?”

चिमाजी शेडकडे बघत राहिले. आमच्या शेडची जमीन चढाची. गाडीचे तोंड वर, डिझेलची टाकी असलेला मागचा भाग खाली. “आज उलटी लावा,” ते म्हणाले. नूतनने तोंड उताराकडे करून गाडी लावली. सकाळी एका झटक्यात चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखी लावली, तर पुन्हा तेच रडगाणे. मग डिझेल फिल्टरवरचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबला, आणि लागली.

चिमाजींनी कपाळावर हात मारला. “पंप चांगला हाय. लाइन हवा घेतीया. डिझेल रात्रीतनं माघारी टाकीत उतरतंय.” त्यांनी रबरी नळीच्या जागी पारदर्शक नळी जोडून पाहिली, आत बुडबुडे दिसले. फिल्टरजवळच्या क्लिपखाली जुन्या नळीला चीर होती, नखाएवढी. नळी, क्लिप आणि फिल्टरचे वायसर नवे घातले, हवा काढली.

गिऱ्हाईक ठरल्याप्रमाणे आले. गाडी चढावरच होती. नूतनने चावी फिरवली आणि इंजिन लागले. दादाभाऊ खूश होऊन म्हणाले, “वहिनी, आता तर भाव चांगला यील!” मी विचारले, “आता इकायची कशाला?” ते गिऱ्हाईकच हसले. म्हणाले, “मावशी, तुमच्या जागी असतो तर मीबी इकली नसती.” चहा घेऊन गेले.

म्हणून लिहिते: ही गाडी विकायची, ठेवायची की बदलायची, हे नूतन ठरवील. बाळासाहेबाने किंवा भावकीने विचारायला जाऊ नये.

५. गोकुळची पान्यांची पेटी आरतीला. मुलीला पाने कशाला, असे म्हणणाऱ्याला ती पेटी उचलून दाखवायला सांगावे.

६. दीर दादाभाऊ यांना मी काही ठेवलेले नाही. राग म्हणून नव्हे. त्यांचे त्यांच्याकडे पुष्कळ आहे. बांधावरचा आंबा मात्र त्यांनी आपला म्हणणे आता सोडावे.

७. हे कलम लिहिताना बाळासाहेब समोर होता. तो म्हणाला, “आई, नूतननं दुसरं लग्न केलं तर सगळं माघारी यावं, अशी अट घाल.” मी तशी अट घालत नाही. नूतनचे वय अजून लहान आहे. तिने लग्न केले तरी रान, खोल्या आणि गाडी तिचीच. नव्या घरी जाताना गाडी तिने स्वतः चालवत न्यावी. आणि बाळासाहेबा, तू थोरला भाऊ म्हणून शेजारच्या सीटवर बसून तिला पोचवायला जायचे. ही माझी शेवटची आज्ञा समज.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. बाळासाहेब ऐकून थोडा वेळ बाहेर जाऊन आला आणि “जाईन” म्हणाला. तेही लिहून घेतले आहे.

ठिकाण : जुन्नर
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : झुंबरबाई सावळेराम काकडे (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. चिमाजी गेणभाऊ लेंडे, गॅरेजवाले (सही)
२. मंगल हौशीराम वाघ, शेजारीण (सही)