आधी होकार कळव

व्होरोनेझ, रशिया
१८ नोव्हेंबर १९८४

प्रिय ताईस,
छायाचा सप्रेम जयभीम. मायले जयभीम सांग, इंदूले पापा.

इथं बर्फ पडून राहिला. तब्येत बरी आहे. तिसऱ्या वर्षापासून आम्हाला वॉर्डात नेतात. पेशंट भराभर बोलले की अजून मी गोंधळते. तिकडे सौसरला संत्री उतरायला लागली असतील. इंदूचा खोकला गेला का? तिला संत्र देत जाशील तर बिया काढून दे.

हे मी तुला कशाला सांगून राहिली? तिला काय चालते, ते तुलाच माहीत.

मायचं पत्र आलं. तिनं ते शेजारच्या केसरबाईकडून लिहून घेतलं. तिगाव स्टेशनवरच्या मधुकरची आई दसऱ्याला तुझ्यासाठी पुन्हा विचारून गेली म्हणे. तुझ्या पत्रात तू हे काहीच लिहिलं नाही.

ताई, ऑगस्टमध्ये मी सुट्टीत घरी असताना ते लोक तुला पाहायला आले, त्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होती. आत तू मायले म्हणाली, "लेकरू कोनाच्या भरवशावर सोडू? मले नाही करायचं लग्न." मी सगळं ऐकलं. तेव्हाच आत येऊन 'मी थांबते' म्हणायला पाहिजे होतं. मी कपडे वाळत घालत राहिली. चार दिवसांनी बॅग भरली.

इंदूचे बाबा, सुखदेव, वारले तेव्हा ती रांगतही नव्हती. पुढं शिष्यवृत्ती आली, तर तूच मला ढकलून पाठवलं. तेव्हा ती दीड वर्षाची होती. या वेळी निघताना ती तुझ्या पदरामागून म्हणाली, "मावशी, टाटा." तू तिला रागावली. रागवायला नको होतं. तिचं चुकलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मुलांच्या वॉर्डात एक पोरगी रडून हैराण झाली होती. मी तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, तशी ती झोपली. नर्सनं विचारलं, "तुला मूल आहे का?"

मी नाही म्हटलं.

का म्हटलं, ते अजून समजत नाही. पोरगी खांद्यावरच होती. तिला खाटेवर ठेवून मी बाहेर जिन्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मुख्य बाईंना भेटली, घरी माझी मुलगी आहे म्हणून सांगितलं आणि एक वर्षाची सुट्टी मागितली. त्या आधी नाही म्हणाल्या, मग त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. सुट्टी मिळाली. फेब्रुवारीत मी सौसरला येते.

तू म्हणशील, डॉक्टर होता होता काय हा वेडेपणा. मायही रडेल. तिला समजाव. शिक्षण सोडून नाही राहिली मी, एक वर्ष मागं पडेन. तू माझ्यासाठी किती मागं पडली, ते मी कधी विचारलंच नाही.

मी यायची वाट पाहू नको. आधी तिगावला होकार कळव. इंदू पहिले काही दिवस माझ्याजवळ झोपणार नाही, तुझ्यासाठी रडेल. रडू दे. वर्षानं मला इथं परत यावं लागेल, तेव्हा तिचं काय करायचं, मला आज माहीत नाही. पण ते आता मी ठरवायचं, तू नाही.

रागावली असशील तरी स्टेशनवर घ्यायला ये. इंदूले घेऊन ये.

तुझ्या जिवावर शिकून राहिलेली,
छाया