तीनशे चाळीस रुपयांची चप्पल

आई,

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या महिन्यात नारायणगावला आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तीन दिवस दवाखान्यात वहिनी त्यांच्याजवळ होती. दादा टोमॅटोच्या तोडणीत अडकला होता आणि मी चाकणला कामावर होते.
२. मी वहिनीला फोनवरून चाळीस हजार पाठवले.
३. आण्णा घरी आल्यावर मी तिच्याकडे बिलांचे फोटो मागितले. तिने पाठवले.
४. मी बेरीज केली आणि तिला लिहिलं, ‘३४० रुपयांचं बिल दिसत नाही.’
५. दहा मिनिटांत सगळे चाळीस हजार परत आले, दवाखान्यात खर्च झालेलेसुद्धा. खाली निरोप होता : ‘ताई, दवाखान्याच्या जिन्यात माझी चप्पल तुटली म्हणून नवी घेतली. दुकानदारानं बिल दिलं न्हाई. तुमचं पैसं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.’
६. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. आण्णांशी बोलायचं तर दादा शेतातून घरी येईपर्यंत थांबावं लागतं.

तू वहिनीला पाहिलेलं नाहीस. दादाचं लग्न तू गेल्यानंतर झालं. ती कमी बोलते, आण्णांच्या गोळ्या वेळेवर देते आणि मी घरी आले की माझ्यासाठी न विचारता ज्वारीची भाकरी टाकते. मी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची चूक पकडायचा मला पगार मिळतो. बेरीज जुळली नाही तर विचारायचं, यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. पैसे परत आले तेव्हाही पहिली पाच मिनिटं मला तिचाच राग आला. मग मला आपला गोठा आठवला.

पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी बारावीत. तू म्हशीखाली बसलेली, मी बादली धरून उभी. शेजारच्या काकू घरात न जाता मागच्या बाजूने थेट गोठ्यात येतात, कारण ओट्यावर आण्णा बसलेले आहेत. त्यांच्या हातात खणाच्या कापडात गुंडाळलेल्या पाचशेच्या अकरा नोटा. ‘ह्यांना ठावं न्हाई वं,’ त्या म्हणतात, ‘बँकेत टाकावं तर मेसेज ह्यांच्याच मोबाईलवर जातोय.’ तू मागे वळूनही बघत नाहीस. ‘ठिव तिथं पेंडीच्या पोत्यावर. माझ्या डेअरीच्या खात्याला मोबाईलच जोडलेला न्हाई. आजवर त्याचं वाईट वाटत व्हतं, आता बरं वाटतंय.’ काकू एवढ्या मोठ्याने हसल्या की म्हशीने पाय उचलला.

त्या आठवड्यात आणखी तिघी आल्या. बँकेच्या स्लिपा मी भरत होते. चौघींचे पैसे एका खात्यात मिसळणार हे मला सहन होईना, म्हणून वहीच्या पानावर मी नावं आणि आकडे लिहून काढले. तू ते पाहिलंस. ‘फाड ते. माझ्या ध्यानात हाय समदं.’ मी पान फाडलं, पण टाकलं नाही. घडी करून पासबुकात ठेवलं. तू विसरशील असं मला वाटलं होतं. कुणाच्या लग्नात कुणी कुठला खण दिला हे सांगू शकणारी तू, चार आकडे विसरशील असं वाटलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी कधी तुझ्यासमोर ते बोलले नाही, म्हणून लिहिते. आण्णा पासबुक भरून आणायला आळेफाट्याला गेले आणि पान त्यांच्या हाती लागलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. गंमत म्हणून ते पारावर काकूंचं नाव घेऊन बोलले, ‘आमच्या हिनं बँक काढलीय राव, कर्ज बी देती का इचारतो आता.’ अन् संध्याकाळी काकूंचा नवरा आपल्या अंगणात उभा. काकू त्यांच्या मागे, पदर तोंडाशी. त्याच्या आदल्या वर्षी असाच चोरून ठेवलेला पैसा सापडला तेव्हा त्या आठ दिवस माहेरी होत्या, हे आपल्याला सगळ्यांना माहीत होतं.

‘वहिनी, आमच्या घरचं पैसं तुमच्याकडं हायेत म्हनं,’ ते तुला म्हणाले.

‘तुमचं न्हाईत भाऊजी, माझंच हायेत,’ तू म्हणालीस. ‘ह्यांना कळू न्हाई म्हनून मी तिच्याकडं ठिवलं व्हतं. नोटा बंद झाल्या म्हनून मागून घेतलं.’

‘मग कागदावर तिचं नाव कशापाई?’

तू माझ्याकडे बघितलंस. ‘आवो, पोरगी हाय ती. सायन्सला गेल्यापासून काय बी लिवती. मागं म्हशींच्या बी नावाची यादी केली व्हती.’

मी केली होती ती यादी. दुधासकट. अंगणात सगळे हसले, काकूंचा नवराही हसला आणि घरी गेला. आण्णांकडून चोरून पैसे ठेवल्याचा ठपका तू चारचौघांत स्वतःवर घेतलास. आण्णा दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाहीत आणि तू त्यांना खरं सांगितलं नाहीस. मी सांगायला हवं होतं.

मला तू मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे भाकरी थापताना एवढंच म्हणालीस, ‘तुझं बरोबर व्हतं, एक रुपाया चुकला नव्हता. पर ते कुनाला पायजे व्हतं का, येवढं इचारायचं.’ महिन्याभराने बँकेतून पैसे मिळाले, तेव्हा काकूंच्या हातात तू दोन हजाराच्या दोन गुलाबी नोटा आणि शंभराच्या पंधरा ठेवल्यास. गुलाबी नोट उजेडात धरून त्या म्हणाल्या, ‘बाई, रंगपंचमीला भिजली का काय ही?’ ती नोटही आता चलनातून गेली. काकू आळेफाट्याला भाजी विकतात. गिऱ्हाईकाने फोनवरून पैसे दिले की किती आले ते मोठ्याने सांगणारा डबा त्यांच्याकडे आहे, आणि त्यावर त्यांनी ओलं फडकं दाबून ठेवलेलं असतं. ‘लई बोंबलतंय मेलं, समद्या बाजाराला सांगतंय,’ असं मला म्हणाल्या. तुझी आठवण काढली आणि मेथीच्या दोन जुड्यांचे पैसे घेतले नाहीत.

मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा दर खेपेला तू माझ्या मुठीत नोटा कोंबायचीस आणि मूठ मिटून द्यायचीस. किती आहेत ते एसटीत बसल्यावरच कळायचं. पहिल्या सहामाहीत मी नऊशे रुपये एका कानातल्यावर घालवले. घरी येताना वाटभर कारण जुळवलं. तू कधी विचारलंच नाहीस. तुझ्या पैशाला मी कधी उत्तर देणं लागले नाही, आणि हे किती मोठं देणं होतं ते मला स्वतः पैसे देऊ लागल्यावर, तेही चुकीच्या रीतीने, कळलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते.

वहिनीला ‘माफ करा’ असं तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही वेळा पुसलं. प्रत्येक वेळी त्यात कुठेतरी आकडा येत होता. फोनवरून हे होणार नाही. रविवारी सकाळी तिच्यासमोर उभं राहायचं आहे, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला येत नाही. हे कुणापुढे कबूल करायची मला सवय नाही. हा कागद टाकायला पेटी नाही, हेही मला माहीत आहे.

तरी शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव. नाही कळवलंस तरी मी रविवारी सकाळी सातची एसटी धरणार आहे. पण कळव.